खर्जाचा गळा आणि ऑपेरा: कोल्हापुरातून बास गायकाची वाट कशी असते?

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी. एका विद्यार्थ्यासाठी विचारतोय. वय २२, बी.कॉम. झालंय, ख्यालाची बऱ्यापैकी तालीम आहे. काळी एकमध्ये गाताना मंद्र षड्जापर्यंत उतरतो, आवाज भरदार. सध्या ऑपेरातल्या बास (पुरुषांचा सगळ्यांत खालचा आवाज) गायकांची रेकॉर्डिंग ऐकून त्याच्या डोक्यात तेच बसलंय. घरचे विचारतात, यात पोट भरतं का आणि किती वर्षांनी?
हा गळा खरंच बासचा आहे हे कोल्हापुरात बसून कसं ओळखायचं? बाहेर ही कारकीर्द कोणत्या पायऱ्यांनी चढते? आणि इथे राहून आत्ता काय करता येईल? ‘स्वप्नाचा पाठलाग कर’ छापाची उत्तरं नकोत. आकडे, वय, खर्च असं सांगा.

पांढरी_दोन
पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो. मंद्र षड्ज लागतो म्हणजे बास, असं नसतं.
काळी एकचा षड्ज पुरुषाच्या गळ्यात साधारण १३८ हर्ट्झला येतो. ऑपेरातल्या बासकडून खाली ई-२, म्हणजे ८२ हर्ट्झच्या आसपासचा सूर अपेक्षित असतो आणि वर ई-४ किंवा एफ-४ (मधला सी म्हणजे सी-४). आपल्या हिशेबात काळी एक धरली तर मंद्र कोमल गंधारापासून तार गंधारापर्यंत. दोनच सप्तकं, पण सगळीकडे सारखा, भरीव आवाज हवा, तोही मायक्रोफोनशिवाय. तुमचा विद्यार्थी मंद्र षड्ज, म्हणजे ६९ हर्ट्झ लावत असेल तर कागदावर तो गरजेपेक्षाही खाली जातोय. पण तो सूर मोकळ्या आकारात, बंद खोलीत चार मीटरवरून ऐकू येतो का? की सकाळी उठल्या उठल्या हार्मोनियमला तोंड लावून नुसती घरघर? घरघर मोजायची नाही.

तपासताना दोन ठिकाणी फसगत होते. हार्मोनियम खर्ज-नर पट्ट्यांची असेल तर एकच कळ दाबल्यावर दोन सप्तकं वाजतात आणि गाणारा नक्की कोणत्या सप्तकात आहे हे कानाला कळत नाही. खर्जाचा स्टॉप बंद करून एकच पट्टी ठेवा. दुसरी फसगत मोबाइलच्या ट्यूनर ॲपची. फोनचे माइक शंभर हर्ट्झच्या खालचं नीट पकडत नाहीत, त्यामुळे ॲप बऱ्याचदा दुप्पट आकडा दाखवतं. ६९ च्या जागी १३८ दिसला तर घाबरू नका, आणि उलट १३८ गाऊन ६९ गायलो असंही समजू नका. पियानोच्या सुराशी ताडून बघा.

खरी ओळख वरच्या बाजूला होते. आकारात एकेक सूर चढवत न्या, जोर न वाढवता. बासचा आवाज साधारण ए-३ च्या आसपास पहिल्यांदा जागा बदलतो आणि डी-४ च्या सुमारास दुसऱ्यांदा वळण मागतो, म्हणजे तारेतल्या पांढरी दोनला. हीच वळणं बॅरिटोनमध्ये (बासच्या वरचा पुरुषी आवाज) एखादा स्वर वर, बी-३ आणि ई-४ ला येतात. ढाला आवाज असलेले बरेच तरुण खरं तर बॅरिटोन असतात, फक्त वरचं दार अजून उघडलेलं नसतं. ख्यालात तार पंचमापर्यंत सहज जाणारा, म्हणजे जी-शार्प-४ लावणारा गळा बास असण्याची शक्यता कमीच.
आणि २२ व्या वर्षी छातीठोक ‘बास’ म्हणणाऱ्या शिक्षकापासून जरा जपून. हा आवाज तिशीनंतर पक्का होतो.

कोरेपेटितोर
वरच्या उत्तराशी सहमत. आता पायऱ्या.

बासची कारकीर्द उशिरा सुरू होते आणि लांब चालते. टेनरला (उंच पुरुषी आवाज) पंचविशीत नायक व्हावं लागतं. बासकडे राजे, पुरोहित, बाप, सैतान आणि मारेकरी येतात. या माणसांना वय शोभतं, त्यामुळे नाट्यगृहं वाट पाहायला तयार असतात. पण मधली दहा वर्षं छोट्या भूमिकांवर काढावी लागतात, आणि घरच्यांना नेमकं हेच सांगायला हवं.

नेहमीचा रस्ता असा: संगीत विद्यापीठात चार ते सहा वर्षं, मग एखाद्या मोठ्या नाट्यगृहाचा ऑपेरा स्टुडिओ, म्हणजे तरुण गायकांचा प्रशिक्षणवर्ग (लंडनला जेट पार्कर, न्यूयॉर्कला लिंडेमन, झुरिक आणि म्युनिकचे स्टुडिओ, मिलानला ला स्काला अकादमी) एक-दोन वर्षं, मग जर्मन भाषिक देशातल्या मध्यम नाट्यगृहात गायकांच्या पगारी संचात नोकरी. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहं आहेत. इतकी दाट व्यवस्था दुसरीकडे कुठेच नाही, म्हणून सगळे तिकडे वळतात. संचातला गायक एका हंगामात पाच-सहा किंवा जास्त भूमिका करतो, रोज साथीदार पियानोवादकाबरोबर तालीम होते आणि पगार महिन्याला येतो.

कुर्ट मोल हा विसाव्या शतकातला अव्वल जर्मन बास. त्याचा प्रवास बघा: आखेन, माइन्त्स, वुपरटाल, मग १९७० मध्ये हॅम्बर्ग, आणि न्यूयॉर्कच्या मेटमध्ये (मेट्रोपॉलिटन ऑपेरा) पदार्पण १९७८ ला, वयाच्या चाळिशीत. रेने पापे १९८८ पासून बर्लिनच्या श्टाट्सओपरमध्ये होता. मेटला १९९५ मध्ये गेला तो ‘जादूची बासरी’मधल्या सारास्त्रोच्या भूमिकेत नव्हे, तर त्याच ऑपेरातल्या वक्त्याच्या लहान भूमिकेत. आशियातलं उदाहरण हवं असेल तर कोरियाचा ग्वांगचुल युन. १९९४ ते २००४ बर्लिनच्या संचात. बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात १९९६ मध्ये ‘माइस्टरझिंगर’मधला रात्रीचा पहारेकरी, म्हणजे जेमतेम काही ओळींचं काम, आणि २००८ मध्ये त्याच रंगमंचावर ‘पार्सिफाल’मधला गुर्नेमान्त्स, बासच्या वाट्याला येणाऱ्या सर्वांत लांब भूमिकांपैकी एक. मध्ये बारा वर्षं. बीजिंगच्या हाओ जियांग तियानने तर सांस्कृतिक क्रांतीच्या काळात कारखान्यात काम केलं, पुढे डेन्व्हरला शिकला आणि १९९१ मध्ये मेटला पोचला.

कोणत्या वयात काय गायचं, हे इथे सगळ्यांत महत्त्वाचं. तिशीच्या आत: ‘ला बोहेम’मधला कोलिने, ‘डॉन जोवानी’मधला माझेत्तो, ‘कार्मेन’मधला झुनिगा, ‘तोस्का’मधला आंजेलोत्ती. त्यानंतर ‘रिगोलेत्तो’चा स्पाराफुचिले (युगुलगीत संपवून जाताना खालचा एफ-२ लांबवतो, लोक त्यासाठीच थांबलेले असतात), सारास्त्रो, ‘सेव्हिलचा न्हावी’मधला बाझिलिओ, ‘यूजिन ओनेगिन’मधला ग्रेमिन. चाळिशीच्या पुढे: ‘डॉन कार्लोस’चा राजा फिलिप, बोरिस गोदुनोव्ह, वाग्नरचे हागेन आणि गुर्नेमान्त्स. पंचविशीत फिलिपची आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकट्याने गायचं गाणं, घरी गाणं वेगळं. पूर्ण भूमिका वाद्यवृंदावर गायली की आवाजात हेलकावा येतो, सूर रुंद डोलायला लागतो, आणि तो परत घालवणं फार अवघड.

एक अपवाद सगळे सांगतात म्हणून मीही सांगतो. १९५० मध्ये मेटचा हंगाम ‘डॉन कार्लोस’ने उघडायचा होता. बल्गेरियन बास बोरिस क्रिस्टोफला अमेरिकेने प्रवेश नाकारला आणि राजा फिलिप गायला आला इटलीचा चेझारे सिएपी, वय २७. भूमिका आधीच गळ्यात तयार होती म्हणूनच हे जमलं. आजही ऐनवेळी बदली म्हणून उभं राहण्यातूनच मोठी दारं उघडतात. त्यासाठी निदान दहा-बारा भूमिका तोंडपाठ, मूळ भाषेत, दोन दिवसांच्या सूचनेवर गाता येतील अशा ठेवाव्या लागतात.

भवानी_मंडप
दोघांनी चांगलं लिहिलंय. पण आपल्याकडच्या रियाजाबद्दल कुणी बोललं नाही, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

पहाटे खर्ज भरायची आपली पद्धत दमसासाला आणि सुराच्या स्थैर्याला उत्तम. ऑपेरासाठी मात्र तिचा उपयोग मर्यादित आहे. खालचे सूर स्वरतंतूंच्या लांबी-जाडीवर ठरतात. रियाजाने त्यात एखाद-दुसरा सूर वाढेल, पण आवाकाच बदलणार नाही. शिकवून मिळतो तो मधला आणि वरचा भाग. म्हणून बासचा शिक्षक तासातला बराच वेळ ए-३ ते ई-४ यावर घालवतो. ‘हा मला खालचं का शिकवत नाही’ म्हणून विद्यार्थी वैतागतात.

दुसरं, आवाज मुद्दाम काळा करायची खोड. रेकॉर्डिंग ऐकून मुलं जीभ मागे ओढतात, स्वरयंत्र दाबून खाली बसवतात. स्वतःच्या कानाला भारदस्त वाटतं, पण दहाव्या रांगेत काहीच पोचत नाही. कारण साधं आहे. वाद्यवृंदाची ताकद सगळ्यांत जास्त असते ती पाचशे हर्ट्झच्या आसपास. गायकाचा आवाज त्यावरून पलीकडे जातो तो चोवीसशे हर्ट्झजवळ तयार होणाऱ्या झळाळीमुळे (टेनरला हीच झळाळी अठ्ठावीसशेच्या आसपास मिळते). जीभ मागे गेली की झळाळी गेली. खाली ८७ हर्ट्झचा एफ-२ लावला तरी सभागृहात कानाला कळतात ते त्याचे वरचे स्वरांशच. आपले तानपुरेवाले जवारी लावताना जे शोधतात तेच इथे गळ्यात शोधायचं आहे. सूर सतत किंचित उतरता लागत असेल तर ऐकण्यात दोष शोधण्याआधी जीभ बघा.

गमक, मुरकी, मींड तात्पुरती बाजूला. सूर सरळ लागला पाहिजे, त्यावर नैसर्गिक कंप येऊ द्यायचा. ख्यालातली मुलं कंप दाबतात कारण आपल्याकडे तो दोष मानतात. इथे तो दाबला की आवाज ताठ होतो.

आता मराठी माणसाला जे फुकट मिळालंय ते. इटालियनमधले त आणि द दंत्य आहेत, आपल्या ‘ताट’ आणि ‘दार’मधल्यासारखे. क, प, त यांत हवेचा फुत्कार नाही. इंग्रजी मुलांना हे महिनोन्‌महिने घोटावं लागतं. जोडव्यंजनं आपण ‘पक्का’, ‘हट्ट’ म्हणताना आपोआप थांबतो, इटालियनला तेवढंच हवं असतं. जर्मनचं त्सेट म्हणजे आपल्या ‘चमचा’मधला च. अडतं ते उघड्या ए आणि ओ पाशी. मराठीत हे दोन्ही स्वर बंद, आणि इटालियनला दोन्ही प्रकार लागतात. जर्मनचे ओठ गोल करून म्हणायचे इ आणि ए, ‘इश्’ आणि ‘इख्’ यांच्या मधला तो घर्षणाचा उच्चार, रशियनचा जिभेच्या मागून येणारा इ, यांना मात्र शिक्षकच पाहिजे.

शाहूपुरीकर
भरपूर मिळालं, आभार. पैशाचं कुणी बोलेल का? आणि जर्मनीच का, इंग्लंड का नको? इंग्रजी तरी येते त्याला.

खातेवही
इंग्लंडमध्ये शिक्षण उत्तम आहे, पण परदेशी विद्यार्थ्याची फी मोठी, आणि शिकून झाल्यावर महिन्याच्या पगाराची संच-नोकरी तिथे जवळपास नाही, बहुतेक काम सुटं. शिष्यवृत्ती मिळाली तरच विचार करा.

जर्मनीत सरकारी संगीत विद्यापीठात बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही, फक्त सत्राचं किरकोळ शुल्क. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो, आणखी काही ठिकाणीही फी आहे, संस्थेनुसार पाहा. व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा), त्यातले महिन्याला ९९२ काढता येतात. म्युनिक, हॅम्बर्गला तेवढ्यात भागत नाही. लाइपझिग, वाइमार, डेटमोल्ड राहायला स्वस्त. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे, आणि बास आवाजाला चर्चच्या गायकवृंदात पैसे देऊन बोलावतात, कारण चांगले बास कमी. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाआधी एपीएस या जर्मन केंद्राची कागदपत्र-तपासणी लागते. ती लवकर सुरू करा, ऐनवेळी तिथेच गाडी अडते. पदवी झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने राहता येतं.

बी.कॉम.चं लक्षात घ्या: मास्टरला गायनातली पदवी लागते, म्हणजे त्याला बॅचलरपासूनच सुरुवात. आणि अनेक विद्यापीठांत गायनाच्या बॅचलरला वयाची अट पंचविशीच्या आसपास असते. त्यामुळे हातात दोन-तीन वर्षंच आहेत, दहा नाहीत.

पुढे सुट्या कामाचा हिशेब वेगळा. पैसे प्रयोगामागे. तालमीच्या चार-सहा आठवड्यांचे बहुधा वेगळे मिळत नाहीत, राहण्याचा खर्च आपला. प्रयोगाच्या दिवशी घसा बसला तर मानधन शून्य. त्यातून एजंटचे साधारण दहा टक्के, आणि जर्मनीबाहेर राहणाऱ्या कलाकाराच्या मानधनातून पंधरा टक्के कर व त्यावरचा अधिभार कापूनच हातात. कर कापल्याचा दाखला प्रत्येक वेळी मागून घ्या, नाहीतर भारतात विवरणपत्र भरताना सवलत मिळत नाही. आगाऊ ‘नोंदणी फी’ मागणारा एजंट दिसला की तिथूनच परत फिरा. खरा एजंट कामातून कमिशन घेतो. शिवाय जर्मन सरकारची कलाकार-नियुक्ती सेवा, झेडएव्ही, शिक्षण संपत आलेल्या गायकांना फुकट ऐकते आणि नाट्यगृहांना सुचवते.

संचातली नोकरी तरी कायमची असते का? नाही. करार हंगामाचा, आपोआप वाढणारा. वाढवायचा नसेल तर सुरुवातीच्या वर्षांत नाट्यगृहाने ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवायचं असतं. एकाच ठिकाणी १५ वर्षं झाली की काढणं जवळपास अशक्य होतं, म्हणून काही जणांना नेमकं चौदाव्या वर्षी पत्र येतं. क्रूर आहे, पण तसं आहे. यापेक्षा स्थिर काम हवं असेल तर ऑपेराचा कायम गायकवृंद. ‘दुसरा बास’ या जागा सतत निघतात. त्यात कमीपणा काही नाही, पोट नीट भरतं.

कोरेपेटितोर
इथे राहून काय करायचं ते राहिलं होतं.

कोल्हापुरात ऑपेराची रीतसर तालीम मिळणार नाही, पण निम्मी तयारी आवाजाची नसतेच. स्टाफ नोटेशन आणि पियानो आधी. प्रवेशपरीक्षेत कर्णपरीक्षा, संगीतशास्त्र आणि पियानो असतो. चांगला गळा असूनही मुलं तिथे मार खातात. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा-संस्थेची थिअरी ग्रेड ५ हे पहिलं ठाणं धरा. हार्मोनियमवर हात बसलेला असेल तर उजवा हात लवकर चालतो, डाव्यासाठी मात्र वेगळी मेहनत. खालची बास-क्लेफ वाचायची सवय लागायला चर्चमधली चार आवाजांची भजनं उत्तम. वाइल्डर मेमोरियलसारख्या चर्चच्या गायकवृंदात चार भागांत गाणं चालत असेल तर बासची ओळ गायला मिळेल का, विचारायला हरकत नाही. ख्यालवाल्याला सगळ्यांत जड जातं ते हेच: मुख्य चाल दुसरा गातोय आणि आपण चार सुरांत खाली चिकटून राहायचं.

जर्मन पुण्याच्या माक्स म्युलर भवनात किंवा त्यांच्या ऑनलाइन वर्गात, बी-१ या भाषापातळीपर्यंत इथूनच करून जा. काही विद्यापीठं बी-२ मागतात.

गळ्यासाठी मुंबई किंवा पुण्यातला शिक्षक, महिन्यातून निदान दोनदा समोर बसून. बाकी ऑनलाइन चालेल, पण नुसत्या ऑनलाइनवर बासचा आवाज घडत नाही. लॅपटॉपचा स्पीकर खालचे सूर ऐकवतच नाही, आणि कॉलचं सॉफ्टवेअर लांब धरलेला सूर आवाजाचा गोंगाट समजून कापून टाकतं. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, गोंगाट कमी करण्याची सोय बंद.

गाणी: पहिल्या वर्षी जुनी इटालियन गीतं, खालच्या आवाजाच्या आवृत्तीत. मग शुबर्टची दोन-तीन जर्मन गीतं. आरिया म्हणून सारास्त्रोची ‘इन डीझन हाइलगन हालन’: संथ, दोन कडव्यांची, खाली एफ-शार्प-२, परीक्षकाला श्वास आणि ओळ दोन्ही लगेच कळतात. ‘व्हेक्या झिमार्रा’ म्हणजे कोलिनेचं कोटाला निरोप देणारं गाणं दोन मिनिटांचं, म्हणून सगळे घेतात. पण ते इतकं छोटं की एकटं पुरत नाही. ग्रेमिनची आरिया दोन-तीन वर्षांनी, रशियन उच्चार शिकल्यावर. स्वरलिप्या आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतात. परीक्षेला मात्र नीट छापलेली प्रत न्या, उच्चारांच्या खुणा आपल्या प्रतीत, पियानोवादकाच्या प्रतीत नाहीत.

पुढे नाट्यगृहाच्या निवडीत साधारण पाच आरियांची यादी द्यावी लागते, निदान तीन भाषांत. पहिली तुम्ही निवडता, दुसरी समोरचे सांगतात. त्यामुळे यादीत ‘दाखवायला’ घातलेली एकही आरिया नको, तीच नेमकी मागतात. ‘सेरालिओ’मधल्या ओस्मिनचा डी-२ घरी लागतो म्हणून ती यादीत घालणारे बरेच आहेत. सकाळी दहाला, प्रवास करून आल्यावर, कोरड्या हवेत तो लागतो का ते आधी बघा. स्पर्धांच्या वयाच्या अटीही डोळ्यांसमोर असू द्या. ओपेरालिया ३२ पर्यंत घेते, बासच्या मानाने हे वय कोवळंच, त्यामुळे स्पर्धा न जिंकता मोठे झालेले बास पुष्कळ.

व्हिडिओ पाठवताना कॅमेरा तीन-चार मीटर लांब, फोनची आपोआप आवाज कमी-जास्त करण्याची सोय बंद, एकाच सलग टेकमध्ये, खऱ्या पियानोवर. पियानो नुकताच सुरात लावलेला हवा. दमट दिवसांत तो उतरतो आणि उतरलेल्या पियानोवर गायलेलं रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला गायकच बेसूर वाटतो. इको अजिबात घालू नका. टाइल लावलेल्या हॉलपेक्षा पडदे, गालिचा असलेली मोठी खोली बरी. फाइलच्या नावात आडनाव, आवाजाचा प्रकार, आरिया आणि महिना-वर्ष लिहा. वर्षभरापेक्षा जुनं रेकॉर्डिंग या वयात पाठवू नका, त्याचा आवाज दर सहा महिन्यांनी बदलत असणार.